देवाच्या माथ्यावरील शिंगे

शिवालयात गेल्यावर नंदीच्या पाठीमागे बसावे, त्याच्या दोन शिंगांवर अंगठा व तर्जनी टेकवावी आणि त्या चौकटीतून पिंडीचे दर्शन घ्यावे, हा शिष्टाचार आपल्या घरांतील मुलांना कोणी मुद्दाम शिकवीत नाही. वडीलधाऱ्यांचे पाहून तो अंगवळणी पडतो. परंतु दर्शन शिंगांतूनच का घ्यावयाचे, असे एखाद्या नातवाने विचारले तर आपली थोडी तारांबळ उडते. कोणी सांगतो की देवाचे तेज एकदम डोळ्यांना सोसत नाही, कोणी सांगतो की मन एकाग्र होते. दोन्ही उत्तरे गोड आहेत. मात्र देव आणि शिंग यांचा संबंध नंदीपुरता मर्यादित नाही. तो पाच हजार वर्षांकडे झुकणारा जुना आहे, आणि त्यात मानाबरोबर अपमानाचाही इतिहास दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभ शब्दापासून करू. संस्कृत ‘शृंग’ म्हणजे शिंग, आणि ‘शृंग’ म्हणजे पर्वताचे शिखरही. सात शिखरांवरून वणीच्या देवीला सप्तशृंगी हे नाव पडले. मंदिराच्या मुख्य शिखराला बिलगून जी लहान शिखरे रचतात त्यांना शिल्पशास्त्रात उरुशृंगे म्हणतात. लॅटिनमधील ‘कोर्नू’ आणि इंग्रजीतील ‘हॉर्न’ हे शब्द ‘शृंगा’चेच दूरचे भाऊबंद होत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे जे उंच आहे, जे पुढे निघाले आहे, ज्यात बळ आहे, ते शृंग. मराठीतही कोणाला सत्तेचा मद चढला की त्याला शिंगे फुटली असे आपण म्हणतो, आणि एखाद्याशी उघड सामना केला की त्याला शिंगावर घेतले म्हणतो. (जाता जाता एक खुलासा. आपला शिगमा शिंग फुंकण्यावरून आला अशी समजूत काही ठिकाणी आढळते. तो शब्द ‘सुग्रीष्मक’ या वसंतोत्सवाच्या जुन्या नावावरून आलेला आहे. शिंगाचा त्याच्याशी संबंध नाही.)

आता सर्वांत जुन्या पुराव्याकडे वळू. मोहेंजोदडो येथे अर्नेस्ट मॅके यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननात १९२८-२९ साली एक दगडी मुद्रा सापडली. आकाराने ती साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे जुन्या रुपयाएवढी. तिच्यावर आसन घालून बसलेली एक आकृती आहे. हातभर बांगड्या, आणि मस्तकावर दोन प्रशस्त वळणदार शिंगे असलेले शिरोभूषण. भोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा. आसनाखाली हरिणासारखे दोन पशू. सर जॉन मार्शल यांनी १९३१ साली ही आकृती म्हणजे शिवाचे आद्य रूप, पशुपती होय, असे मत मांडले, आणि शिंगांच्या या शिरोभूषणातूनच पुढे त्रिशूळाचा आकार उत्क्रांत झाला असावा असा तर्कही केला. आज ती मुद्रा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मार्शल यांचे मत पुढे अनेकांनी तपासले. डोरिस श्रीनिवासन या विदुषींनी सत्तरच्या दशकात असे दाखविले की ती शिंगे बैलाची नसून रेड्याची आहेत, आणि त्या देवाचा चेहराही रेड्याच्या चेहऱ्याशी जुळतो. मग तो शिव की दुसराच कोणी महिषदेव, असा वाद उभा राहिला. सिंधू लिपी वाचता येईपर्यंत तो मिटणार नाही. पण शिंगे रेड्याची आहेत याविषयी आता फारसे दुमत नाही. वाचकांनी हा रेडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

त्याच सुमारास पश्चिमेस, तैग्रिस व युफ्रेतिस नद्यांच्या खोऱ्यात, शिंगांचा मुकुट ही देवत्वाची ठरलेली खूण होती. मूर्तीच्या टोपावर एकावर एक अशी शिंगांची जोडपी दिसली की ती मूर्ती देवाची. माणसाच्या माथ्यावर ती दिसत नाहीत. हम्मुराबीच्या प्रसिद्ध कायदेस्तंभावर सूर्यदेव शमश बसला आहे, त्याच्या माथ्यावर असा मुकुट आहे. समोर उभा असलेला राजा मात्र साध्या टोपीत आहे. हा संकेत मोडण्याचे धाडस अक्कदचा राजा नराम-सिन याने केले. इसवी सनापूर्वी तेविसाव्या शतकातील त्याच्या विजयशिलेवर त्याने शिंगांचे शिरस्त्राण घातलेले आहे, म्हणजेच हयातीत स्वतःला देव म्हणवून घेतलेले आहे. शब्दशः शिंगे फुटल्याचे याहून जुने उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आपल्या यज्ञसंस्थेने शिंगाला निराळे स्थान दिले. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील अठ्ठावन्नाव्या सूक्तात चार शिंगे, तीन पाय, दोन मस्तके आणि सात हात असलेला एक वृषभ येतो. निरुक्तात त्या चार शिंगांचा अर्थ चार वेद असा केला आहे. महाभाष्यकार पतंजलींनी तीच शिंगे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात अशी व्याकरणाच्या अंगाने उलगडली. वैयाकरण कशातून काय काढील याचा नेम नाही! शतपथ ब्राह्मणातील जलप्रलयाच्या कथेत मनूने आपली नाव बांधली ती माशाच्या शिंगाला. महाभारताच्या नारायणीय भागात वराहालाही ‘एकशृंग’ म्हटलेले आहे. आपल्या खानापूर तालुक्यातील हलशी, म्हणजे कदंबांची प्राचीन पलाशिका. तेथील भूवराह-नरसिंहाच्या मंदिरात समोरासमोरच्या दोन गाभाऱ्यांपैकी एकात भूमीला उचलून धरणारा वराह उभा आहे. वरवर पाहणाऱ्याला तो केवळ सुळ्यांचा वराह वाटेल. परंतु परंपरेच्या दृष्टीने बुडणाऱ्या पृथ्वीला तारणारे तेही शृंगच.

यज्ञात मात्र शिंग माथ्यावर चढत नाही. सोमयागाची दीक्षा घेतलेल्या यजमानाच्या वस्त्राला काळविटाचे शिंग बांधतात. अंग खाजले तर त्याने नखे लावावयाची नाहीत, त्या शिंगानेच खाजवावयाचे. आणि दक्षिणादान झाल्यावर ते चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकून द्यावयाचे. जे शिंग अन्यत्र देवाच्या मुकुटात चढले ते येथे यजमानाच्या पदराला आले, आणि काम होताच हातावेगळे झाले. आजही आपल्याकडे गाभाऱ्यात मुकुट असतो तो देवाच्या माथ्यावर; पुजारी उघड्या डोक्याने पूजा करतो. यात काही धोरण असावे असे मला वाटते. देवत्वाची खूण देवाकडेच राहावी, माणसाने ती धारण करून फिरू नये.

हा संकोच सर्वत्र नाही. मराठी मुलखाच्या पूर्व टोकाला गडचिरोलीला लागून बस्तर आहे. तेथील दंडामी माडिया लोक लग्नसमारंभातील नृत्यात गव्याच्या शिंगांचे भव्य शिरोभूषण घालतात. मध्यभागी पिसांचा तुरा, आणि कपाळावरून कवड्यांच्या सरी चेहऱ्यावर ओघळलेल्या. विल्फ्रिड ग्रिगसन यांनी १९३८ साली या समाजावर लिहिलेल्या ग्रंथापासून त्यांना त्या शिंगांचेच नाव पडले. नृत्याच्या भरात दोन पुरुष एकमेकांवर गव्यांप्रमाणे चालून जातात. आपल्या लोंढ्याच्या आसपासच्या रानांत, भीमगडापासून अनमोडच्या घाटापर्यंत, गवा आजही कळपाने हिंडतो. ज्याने तो संधिप्रकाशात रस्त्याच्या कडेला उभा पाहिला असेल त्याला ही शिंगे माणसाला मस्तकावर का घ्यावीशी वाटली हे समजावून सांगावे लागणार नाही.

ख्रिस्ती पुरोहितांच्या शिरोभूषणाचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण गोमंतकाशी संबंध असलेल्या आपल्या पिढ्यांनी ते शतकानुशतके जवळून पाहिले आहे. बिशपच्या टोपीला दोन टोके असतात. लॅटिन परिभाषेत त्या टोकांना शिंगेच म्हणतात. बाराव्या शतकाच्या आरंभी ती डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना असत; पुढे टोपी फिरली आणि ती पुढे-मागे आली. जुन्या दीक्षाविधीत बिशपच्या माथ्यावर ही टोपी ठेवताना जी प्रार्थना म्हणत, तिच्यात जुन्या व नव्या कराराची दोन शिंगे धारण करून हा धर्माच्या शत्रूंना भयंकर दिसो असा आशय होता. त्यामागे मोझेसची प्रतिमा उभी आहे. सिनाय पर्वतावरून उतरताना त्याच्या मुखावर तेज फाकले होते. मूळ हिब्रू शब्दाच्या मुळाशी ‘शिंग’ हाही अर्थ असल्यामुळे संत जेरोमने लॅटिन भाषांतरात त्याचा चेहरा शृंगयुक्त झाला असे लिहिले. म्हणूनच सोळाव्या शतकात मिकेलांजेलोने घडविलेल्या, रोममधील संत पेत्राच्या शृंखलांच्या चर्चमधील मोझेसच्या संगमरवरी मूर्तीला दोन शिंगे आहेत. ज्यूंच्या प्राचीन वेदीलाही चार कोपऱ्यांवर चार शिंगे असत, आणि जिवाच्या भयाने पळालेला माणूस ती घट्ट धरून अभय मागत असे.

इतका मान असलेली हीच खूण युरोपात हळूहळू सैतानाच्या कपाळी गेली. रानदेव पॅनची शिंगे आणि खूर मध्ययुगीन चित्रकारांनी सैतानाला दिले. १२६७ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या धर्मसभेने ज्यूंनी शिंगाच्या आकाराची टोपी घालूनच बाहेर पडावे असा हुकूम काढला. ज्यांच्या मोझेसला तेजाची शिंगे, त्यांच्याच वंशजांना ओळख पटावी म्हणून अपमानाचे शिंग! एका चिन्हाचे असे दोन अर्थ एकाच समाजात एकाच वेळी नांदत होते, आणि कोणता अर्थ कोणाला लावावयाचा हे सत्ता ठरवीत होती.

या पार्श्वभूमीवर लुदोव्हिको दी व्हार्थेमा या बोलोन्याच्या प्रवाशाचे प्रवासवर्णन वाचले पाहिजे. तो कालिकतला जाऊन आला आणि त्याचे पुस्तक रोम येथे १५१० साली छापले गेले. त्याच वर्षी आल्बुकेर्कने गोवा जिंकला. सामुरी राजाच्या देवघरात ‘देउमो’ नावाचा सैतान पूजला जातो, त्याच्या डोक्यावर पोपच्या मुकुटासारखा तिहेरी मुकुट आहे, त्याला चार शिंगे आणि चार दात आहेत, तोंड भयानक आहे, असे त्याने लिहून ठेवले. १५१५ च्या जर्मन आवृत्तीत यॉर्ग ब्रॉय या चित्रकाराने त्याचे चित्रही काढले. त्याने भारत पाहिला नव्हता, तेव्हा त्याने आपल्या गावच्या चर्चमधील सैतानच काढला. पुस्तक युरोपभर वाचले गेले. केरळातील कोणत्याही देवाला पोपचा मुकुट आणि चार शिंगे नाहीत हे आपल्याला सांगावयास नको. पार्थ मित्तर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भ्रमाचा सविस्तर इतिहास दिला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की प्रवासी जे पाहावयास आला होता तेच त्याला दिसले.

१५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली, १५६७ पासून साष्टीतील. त्या विध्वंसामागे राज्यकर्त्यांचे हिशेब अनेक होते, आणि एका पुस्तकावर त्याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु ज्यांच्या डोळ्यांपुढे आधीच शिंगे असलेला ‘देउमो’ नाचत होता त्यांना आपल्या कुलदैवतांचे मुख कसे दिसले असेल, याची कल्पना करता येते. देव घेऊन रात्रीच्या होडीने पैलतीराला गेलेल्या पूर्वजांच्या कथा आपल्या प्रत्येक घरात आहेत.

येथवर लिहिणे सोपे होते, कारण दोष दुसऱ्याचा होता. आता रेड्याकडे येतो.

तिसवाडीतील गवशी गावाहून मडकईस गेलेली श्रीनवदुर्गा, तुळजापूरची अष्टभुजा भवानी, वणीची अठरा हातांची सप्तशृंगी, या सर्व महिषासुरमर्दिनी. देवीच्या पायाखाली शिंगांचा रेडा आहे. शिल्पकारांनी हा महिष कसकसा घडविला हे पाहण्यासारखे आहे. ऐहोळेच्या दुर्ग मंदिरात तो अखंड रेडा आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात तो मनुष्य आहे, केवळ माथ्यावर दोन शिंगे. आणि महाबलिपुरम येथे, सातव्या शतकातील पल्लवांच्या लेण्यात, धड माणसाचे, तोंड रेड्याचे, शिंगांमध्ये मुकुट आणि वर धरलेले छत्र! पल्लवांच्या शिल्पकाराने पराभूत होणाऱ्यालाही राजचिन्हे नाकारली नाहीत. तो असुर आहे, पण राजा आहे, हे त्या शिल्पकाराला ठाऊक होते.

हा राजा कोण? दामोदर धर्मानंद कोसंबी, गोमंतकातील कोसबें गावी १९०७ साली जन्मलेले गणिती आणि इतिहासकार, पुणे परिसरातील खेडी पायी हिंडले. शेंदूर फासलेल्या म्हसोबाच्या धोंड्यांपुढे ते थांबले, गुराख्यांना प्रश्न विचारले. ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२ सालच्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की म्हसोबा म्हणजेच महिषासुर. कोठे देवी त्याचा वध करते, तर जवळच्याच दुसऱ्या गावी तोच तिचा पती म्हणून पूजला जातो. त्यांच्या मते ही दोन वेगळ्या लोकसमूहांची दैवते होत. ते समूह जेथे झगडले तेथे महिषमर्दन झाले, जेथे सलोख्याने एकत्र आले तेथे देवदेवींचे लग्न लागले. मोहेंजोदडोच्या शृंगधारी देवाचा धागाही त्यांनी येथवर आणून जोडला. तो धागा इतका लांब ताणला जाईल की नाही याविषयी मी साशंक आहे. परंतु म्हसोबाविषयीचे त्यांचे निरीक्षण नाकारता येत नाही. ते पाहावयास पुण्यास जाण्याचेही कारण नाही.

कन्नड मुलखात द्यामव्वेची कथा सांगतात. जात लपवून एकाने ब्राह्मण कन्येशी विवाह केला; सत्य कळल्यावर ती क्रोधाने देवी झाली आणि तो रेडा झाला. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील गावांत काही वर्षांच्या अंतराने ज्या लक्ष्मी यात्रा भरतात, त्यांत पूर्वी रेड्याचा बळी हा मुख्य विधी असे. १९५९ च्या राज्य कायद्याने देवस्थानातील पशुबळींस बंदी झाली. बळी जाणारा रेडा म्हणजे शत्रू की पती, या प्रश्नाचे उत्तर कथेतच आहे, फक्त ते ऐकणाऱ्याला पचवावे लागते. आणि आणखी एक. १ नोव्हेंबर १९५६ पासून १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत आपला हा मुलूख ज्या राज्यात होता, त्या म्हैसूरचे नावच महिषावरून पडलेले आहे. आपण सतरा वर्षे टपालाच्या पत्त्यात त्या असुराचे नाव लिहीत होतो.

तेव्हा व्हार्थेमाला हसताना आपण जरा जपून हसावे. धनगर-गवळ्यांच्या ज्या देवाच्या माथ्यावर शिंगे होती, त्याला असुर ठरविण्यास पोर्तुगीज आले नव्हते. पुराणे ऐकणाऱ्या आपल्याच समाजाने ते काम केले. फरक इतकाच की आपण त्याला समूळ नष्ट केले नाही. बांधावर, पाणवठ्यावर, देवळाच्या आवाराबाहेर त्याला जागा ठेवली, आणि वर्षातून एकदा नारळ फोडला. हा फरक लहान नाही.

तो आता पुसला जाऊ लागला आहे, ही चिंतेची गोष्ट होय. गेल्या काही दशकांत देवस्थानांचे जीर्णोद्धार झपाट्याने झाले. संगमरवरी फरशी आली, सभामंडप रुंदावले, घुमटांना रंग चढला. या कामांत प्राकारातील झिजलेले पाषाण अडथळा ठरतात. एखादी अर्धी तुटलेली महिषमर्दिनी, एखादी गजलक्ष्मी, एखादे नुसते शिंगांचे डोके. खंडित मूर्ती पूजू नये हे शास्त्र सर्वांना पाठ असते, आणि त्याच्या आधाराने ते पाषाण एके दिवशी नदीच्या डोहात किंवा नव्या कुंपणाच्या पायात जातात. पूजू नये याचा अर्थ ठेवू नये असा होत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने शिल्प हा पुरावशेष ठरतो, आणि त्याची काळजी ही केवळ भाविकतेची बाब राहत नाही. देवाच्या दागिन्यांची यादी आपण गुंजभार सोन्यापर्यंत चोख ठेवतो; आवारातील पाषाणांची यादी किती देवस्थानांकडे आहे? छायाचित्र, लांबी-रुंदी, सापडल्याची जागा आणि गावातील वृद्ध त्याला कोणत्या नावाने हाक मारतात ते नाव, एवढे चार रकाने पुरेत. हा मजकूर कोणी कारकुनी म्हणेल तर म्हणो. आयुष्य कारकुनीत गेलेल्याला रकान्यांचे मोल ठाऊक असते. हाक मारण्याचे नाव सर्वांत आधी टिपून घ्यावे. दगड डोहातून पुन्हा काढता येतो, नाव सांगणारा म्हातारा परत येत नाही.

शिंगांचे ते डोके ठेवावयाचे कोठे, असा प्रश्न बैठकीत निघेलच. देवीच्या दारात असुर कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यावर वणीच्या गडाचे उदाहरण पुरेसे आहे. सप्तशृंगीच्या पायऱ्या जेथून सुरू होतात तेथे पायथ्याशी महिषासुराचे मस्तक आहे. ज्या देवीने त्याला मारले तिच्याच दर्शनाला निघालेले भाविक आधी त्याच्यापुढे थांबतात, हळदकुंकू वाहतात, आणि मग पायऱ्या चढू लागतात.